चिंचमाळचे अकरा ठिपके

४ जून

आले बाई एकदाची कर्जतला! खोली दुसऱ्या मजल्यावर, पंखा नवा, खिडकी उघडली की नदीपलीकडचे डोंगर समोर हजर. घरमालकीण चंद्राबाई खाली राहतात. जय भीम म्हटलं, मोहोपाड्याच्या कॉलनीतली म्हणून सांगितलं, लगेच किल्ली हातात. अट एकच, जिन्यात चपला घालून यायचं नाही. जिना रोज स्वतः पुसतात म्हणे.

आईला वाटतंय मी तलाठी झाले. तसं काही नाही. एका खासगी कंपनीनं पावसाळ्याआधी डोंगरउतारावरच्या वाड्यांचा नकाशा करायचं काम घेतलंय, ते माझ्या गळ्यात आहे. नकाशात जिथं घराचा ठिपका असेल, तिथं दरडीचा इशारा द्यायला भोंग्याचा टेंपो जाणार आणि माणसं वर चढून लोकांना खाली उतरवणार. ठिपका नाही तर टेंपो नाही.

आणि मजा अशी की सगळं फुकटात! उपग्रहाचे फोटो फुकट, डोंगराच्या उंचीचे आकडे फुकट, रस्ते आणि ओढे जगभरच्या हौशी लोकांनी काढून ठेवलेत तेही फुकट. घरंसुद्धा मशीननं फोटोवरून ओळखून वाटलीत. मिलिंद सर, म्हणजे माझे नवी मुंबईतले साहेब, फोनवर विचारत होते की डेटा विकत घ्यावा लागेल का. मी म्हटलं, सर, अपेक्षाला काम दिलंय ना, मग पाकीट खिशातच ठेवा. हसले. लोक देव शोधतात, मी डेटा शोधते आणि मला तो सापडतो.

८ जून

बाकीच्या वाड्या खोलीत बसून उरकल्या. पत्र्याची आणि स्लॅबची घरं मशीन झटकन पकडतं. एक चिंचमाळ तेवढं नाटकं करतंय. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे ती. गवताची छपरं, कुडाच्या भिंती, वर झाडांची सावली. मशीन म्हणतं, झुडपं. मी डोळे फाडून फोटो बघितला, मलाही झुडपंच दिसली. उताराचे आकडे लावले तेव्हा मात्र चर्र झालं. मागचा कडा सरळ वाडीच्या अंगावर आहे.

मिलिंद सर म्हणाले, अशा वाडीत स्वतः जायचं, प्रत्येक घरासमोर उभं राहून मोबाइलवर घरवाल्याचं नाव टाकायचं. आपण उभे असू तिथं ठिपका आपोआप पडतो. निघाले आज. पायथ्याला स्कूटी लावली, अर्धी वाट चढले, पायात गोळे आले, घामानं चष्मा नाकावर टिकेना. एका खडकावर बसून बिस्किटं खाल्ली आणि परत फिरले. उद्या बघू.

११ जून

नशीब कसं असतं बघा. बाजारात शेवळांची रानभाजी घ्यायला थांबले तर विकणारी बाई चिंचमाळचीच निघाली, मंगळी नावाची. भाव करायचा सोडून मी तिला चहा पाजला आणि वाडीतली घरं विचारून घेतली. धाऊ, काळूराम, मंगळ्या, दत्ता, बोटं मोडत मोडत तिनं सगळी अकरा सांगितली. शेवटचं स्वतःचं. त्यात ती, तिचा मुलगा पदू आणि सून आवडी. आवडीला दिवस गेलेत. मी नावं मोबाइलमध्ये उतरवून घेतली. आता कोण चढतंय!

भोंग्याचं सांगितलं तर बाईचा चेहरा उजळला. गेल्या पावसात कड्याचे दगड सुटून गोठ्यापर्यंत आले होते, तेव्हापासून पदू झोपत नाही म्हणाली. आमचं घर टाकशील ना गं, असं तीनतीनदा विचारलं. मी हो म्हटलं. मग उठताना म्हणाली,

"ताई, नुसतं नाव नेऊ नको. ज्या घराचं नाव घेशील त्या घरचं पाणी प्यायला ये. आमच्यात तसं हाय. नायतर घर तुज्या मागं येतं."

आणि तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. शेवळं फुकट देत होती, घेतली.

१२ जून

पलंगावर लोळत अकराही घरं भरली. हिरव्या खुणा आल्या. ठिपके अर्थातच पडले माझ्या खोलीवर, मोबाइल इथंच होता ना. नकाशात चंद्राबाईंच्या बिल्डिंगवर एकावर एक अकरा घरं! वाडीच आली राहायला. आता कॉम्प्युटरवर फोटो उघडून एकेक ठिपका उचलून डोंगरावर ठेवायचा, पंधरा मिनिटांचं काम. पण नव्या फोटोत नुसते ढग आहेत आणि जुन्या फोटोत कुठली झुडपं म्हणजे घर, ते कळत नाही. आभाळ उघडलं की करते.

१९ जून

मिलिंद सरांचा फोन. चिंचमाळची अकरा घरं आली, शाब्बास, चढ अवघड आहे ना फार, वगैरे. मी म्हटलं, पायांची वाट लागली सर. खोटं नाही, अर्ध्या वाटेत लागलीच होती. ठिपके हलवायचे राहिलेत.

मंगळी बाजारात दिसली. मी पलीकडच्या बाजूनं गेले. पाणी प्यायला कधी येतेस म्हणून धरून बसली असती.

२ जुलै

दिवसभर कोसळतोय. नदी लाल झालीय. संध्याकाळी चहा टाकला होता, एवढ्यात खाली गल्लीत भोंगा वाजला. आधी वाटलं कुणाची तरी निवडणूक. मग शब्द कळले. "चिंचमाळच्या ग्रामस्थांनो, दरडीचा धोका आहे. ताबडतोब खाली उतरा."

टेंपो आमच्याच बिल्डिंगसमोर उभा होता. ड्रायव्हर मोबाइलमध्ये बघायचा, बिल्डिंगकडे बघायचा. चंद्राबाई छत्री घेऊन बाहेर गेल्या आणि त्याच्यावर डाफरल्या, की बाबा, हे कर्जत आहे, चिंचमाळ तिकडे डोंगरावर. तो म्हणाला, नकाशात हेच आहे, आणि मला पाठवलंय ते नकाशाप्रमाणे. आणखी दोनदा ओरडला आणि गेला.

मी खिडकीच्या आड उभी होते. मिलिंद सरांचा नंबर काढला होता. लावला असता तर पहिला प्रश्न आला असता, तू वर गेलीच नाहीस का. नोकरी गेली असती. आणि पाऊस काय, रोजच पडतो. मागच्या वर्षी नाही का पडला? उद्या सकाळी गुपचूप हलवते ठिपके. चहा उतू गेला तो पुसला.

३ जुलै

पहाटेच कडा आला. चिंचमाळ नाही आता. वरून खालपर्यंत नुसती लाल माती. एकही जण बाहेर आला नाही म्हणतात. चंद्राबाई टीव्हीसमोर बसून रडतायत. मला काही खाववेना.

४ जुलै

सरांनी विचारलं, टेंपो कर्जतच्या गल्लीत कसा गेला. मी म्हटलं, सर, फुकटच्या डेटाचा हाच घोळ असतो, जागा सरकतात. पटलं त्यांना! म्हणाले, तू जीव तोडून चढलीस आणि डेटानं घात केला, मनाला लावून घेऊ नकोस. मी थँक्यू म्हटलं. थँक्यू म्हटलं मी.

१० जुलै

ढगांमुळे फोटो मिळत नाहीत, पण रडारचं चित्र मिळतं. तेही फुकट. रडार ढगांतून बघतं, पत्र्याची आणि सिमेंटची घरं पांढरी चमकतात. दरडीची हद्द आखायला मागवलं होतं.

जिथं चिंचमाळ होतं तिथं अकरा पांढरे ठिपके आहेत. तिथं माती आहे फक्त. आणि गवताची छपरं रडारला कधी चमकत नाहीत. घरं उभी होती तेव्हाही चमकली नव्हती. काहीतरी बिघाड असणार.

१६ जुलै

नवं चित्र आलं. वर काही नाही, कोरं. ठिपके पायथ्याला आहेत, कोंडाण्याच्या रस्त्यालगत. एका मागे एक, माणसं पायवाटेनं उतरतात तसे.

मी नकाशातले आपले ठिपके उचलून डोंगरावर ठेवले, आता तरी. पान पुन्हा उघडलं तर परत माझ्या खोलीवर. पुसून टाकले. परत आले.

१९ जुलै

मंगळी आलीय. दरडीच्या आदल्या दिवशी भाजी विकायला उतरली होती, पावसानं बाजारातच अडकली, म्हणून वाचली. जिन्याखाली बसलीय. चंद्राबाईंनी चहा दिला, घेत नाही. कुठल्याशा कचेरीत तिनं विचारलं, आमची घरं कुठं होती ते तरी दाखवा, मातीत कळत नाय. त्यांनी नकाशा बघून ही बिल्डिंग सांगितली.

मला वाटलं शिव्या देईल. नाही दिल्या. म्हणाली, मेलेल्याला घराच्या दारात उभं राहून हाक मारायची असते, म्हणजे तो भटकत नाय. दार सापडत नव्हतं, आता सापडलं. तूच जागा धरलीस गं ताई, म्हणाली. हात जोडले मला.

मग हाका मारायला लागली. धाऊ, काळूराम, मंगळ्या, दत्ता... शेवटी,

"पदू, हिकडं ये रं बाळा. घर हिकडं हाय. आवडीला हात धरून आण, तिला चालवत नसंल."

कानात बोळे घातले मी.

२२ जुलै

चित्र आलं. ठिपके नदीच्या पलीकडच्या काठाला. रांगेत.

मंगळी जिन्याखाली नाही. कुठं गेली कुणाला माहीत नाही. चंद्राबाई साजगावला मुलीकडे निघाल्या. रोज पुसते तरी जिन्यावर लाल मातीची पावलं उठतात म्हणाल्या. अनवाणी. वर चढणारीच, उतरणारी एक नाही. मला विचारलं, कोण येतं गं तुझ्याकडे?

आईला फोन केला, येते म्हटलं. बॅग भरून दारापर्यंत गेले. जिन्यात दाटी आहे. कुणी दिसत नाही, पण पाय टाकायला जागा नाही. ओल्या गवताचा वास.

२३ जुलै

सरांना सगळं लिहून पाठवलं. चढले नाही. खोलीतून भरलं. भोंगा ऐकला आणि गप्प बसले. नोकरी घ्या, पोलीस बोलवा, पण तुमच्याकडून ते ठिपके डोंगरावर हलवा. हलवले तर हे परत जातील. त्यांनी वाचलंय.

नळाला लाल पाणी.

२४ जुलै

आत आलेत. भिंतीला टेकून बसलेत सगळे, पावसाला थांबल्यासारखे. अंगावरून माती गळते — रागावलेले नाहीत — रागावले असते तर बरं.

प्रत्येकाच्या हातात तांब्या.

विसरले होते मी. ज्या घराचं नाव —

प्यायले. धाऊचं. काळूरामचं. नाही म्हटलं तर नुसते बघत राहतात. दाताखाली खडे — पोट दगडासारखं —

आवडी पलंगावर पडलीय. पोटावर हात. पदू तिच्या उशाशी, डोळे उघडे. झोपत नाही हा —

शेवटचा तांब्या त्यानं दिला. प्यायले. आता सगळ्यांचं झालं. आता जा ना —

मंगळी दारात. हसली. म्हणाली, आता तू आमच्यातली गं.

खिडकीबाहेर गल्ली नाही. झाडं. मागच्या भिंतीला हात लावला तर कूड लागला. भिंतीमागे कडा. दगड सुटल्याचा आवाज — गोठ्यापर्यंत आला —

मोबाइल वाजला. सर. दोनच शब्द. ठिपके हलवले.

भोंगा! टेंपो निघालाय, ऐकू येतोय, चिंचमाळच्या ग्रामस्थांनो — पण लांब. नदीपलीकडे. डोंगराकडे चाललाय — तिथं कुणी नाही. अहो, तिथं कुणी नाही. आम्ही इथं आहोत, अकरा घरं, इथं, चंद्राबाईंच्या