ताईने फोडलेलं पाकीट

३ जून

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. दुकानात गणवेश शिवायचा ढीग पडलाय, मान वर करायला सवड नाही. तुझ्या पासपोर्टवर अजून इथलाच पत्ता, म्हणून तुझ्या नावाचं पाकीट इथे आलं. विजेचं बिल समजून फोडलं. परदेशातल्या पोहण्याच्या स्पर्धेत तुझं नाव पक्कं झालंय म्हणे. निवड चाचणी नाही, वयाची अट नाही! अशी कुठे स्पर्धा असते का? कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय तिथल्या खोलीत तुझ्या सोबतीला म्हणून नाव कोणाचं, तर तुझ्या त्या गणिताच्या मास्तरांचं. त्यांच्याशी बोलणं सोडल्याचं तूच सांगितलं होतंस ना? चाळिशीला आलास, थापा पुरे.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

९ जून

ती. ताईस सा. न.

विजेच्या बिलावर परदेशी टपाल तिकीट कधीपासून लागायला लागलं? पाकीट कोणाला दाखवलंस? दाजींना? माझ्या शाळेतल्या कोणाला? आधी ते कळव. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर शाळेच्या तलावावरची माझी नोकरी जाईल.

छोटू

१४ जून

चि. छोटूस आशीर्वाद.

कोणालाही दाखवलं नाही, गळ्याशपथ. चोरी केल्यासारखा घाबरतोस का? आता तरी खरं सांग.

ताई

२० जून

ती. ताईस सा. न.

शपथ घेतलीस म्हणून लिहितो. ही स्पर्धा माझ्यासारख्यांची आहे. पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, बायकांवर जीव जडलेल्या बायका, असे खेळाडू देशोदेशींहून येतात. कुणालाच दारातून परत पाठवायचं नाही, म्हणून चाचणी नाही. मास्तर आणि मी सहा वर्षं एका घरात राहतो. तू खोदून विचारशील म्हणून भांडणाची थाप मारली.

छोटू

२६ जून

चि. छोटूस,

शपथ खोटी होती. पाकीट आलं त्याच दिवशी मी तुझ्या मुख्याध्यापकांना कागदाची नक्कल धाडली. भावाला कोणी फसवतंय, वाचवा, असं लिहिलं. नोकरी जाईल असं तू लिहिलंस, म्हणून खोटं बोलले. मी जाऊन सांगू का, की कागद बनावट होते? म्हणशील ते करीन.

ताई

१२ जुलै

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मिळण्याआधीच मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. टेबलावरचं तुझं अक्षर लांबूनच ओळखलं. ही स्पर्धा कोणाची असते ते त्यांनी शोधून काढलं होतं. राजीनामा मागितला, मी दिला. आता कुठे जाऊ नकोस. आपण दोघांनी खोटं पुष्कळ बोलून झालं.

काल इथे स्पर्धेत दोनशे मीटर पोहलो. शेवटून दुसरा आलो. तरी अनोळखी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, मास्तर तर रडतच होते. तेव्हा तुझा फार राग आला. तू तिथे हवी होतीस.

तुझ्यावर पुरता विश्वास अजून बसत नाही. पण परतल्यावर नवं काम मिळेपर्यंत तुझ्याकडे राहायला यावं म्हणतो. मास्तर आणि मी, दोघंही. हो की नाही, एवढंच लिही.

लोभ आहेच; वाढवायचा का, ते तू ठरव.

छोटू