माझ्या मयताचं जेवण

आई,

घाबरू नका, मी तुमची सून डेलियाच आहे आणि जिवंत आहे. तुम्ही चुलीपाशी बसल्याबसल्या झोपला होतात. मला अचानक बघून तुमचंच काही व्हायला नको, म्हणून उठवलं नाही.

प्लेगच्या छावणीत माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई गेली आणि निरोप चुकून आपल्या घरी आला. बिचारीच्या घरी अजून कुणी रडलंही नसेल. मला आज सकाळच्या बोटीने सोडलं.

माझ्या मयतासाठी आणलेलं अर्धं हॅम मी खाल्लं. एवढा मोठा तुकडा माझ्या ताटात आजवर कधी पडला नव्हता. मयताघरचा रिवाज म्हणून आरशावर टाकलेलं कापड काढलंय. माझी हिरवी हॅट खुंटीवर नाही, म्हणजे नणंदबाई ती घालूनच चर्चमध्ये रडायला गेल्या असणार. तुमचा लेक फेलिमही तिथेच असेल. मीही निघालेय, अगदी पुढच्या बाकावर बसते.

लग्नात तुम्ही म्हणाला होतात, "पोरगी फुंकर मारली तर उडेल." आई, या सिडनीतली धट्टीकट्टी माणसं गेली. मी परत आले.

मी गेले म्हणून रिवाजाने थांबवलेलं घड्याळ चालू केलंय. आता परत थांबवायची घाई करू नका.

डेलिया