कोमटच तर होतं

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

ज्ञानूचा खांदा भाजला! नव्या शॉवरचं पहिलंच पाणी, आणि पोटुशी पोर किंचाळत न्हाणीतून बाहेर. खांद्यापासून पाठीपर्यंत लाल चट्टा. कोरफड चोळली, तरी रात्री जेवताना हुळहुळत होतं तिला.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली म्हणून ऋत्विकने मुंबईहून शॉवर आणि गिझर पाठवला. 'ताईला बादल्या उचलायला नकोत.' भावाची माया, कबूल. पण पाणी मी स्वतः जुळवलं होतं, हात धरून बघितला होता. कोमट होतं. ती आत गेली आणि मागून कढत झालं. दिवस भरत आलेत. दचकून घसरली असती तर?

१४ नोव्हेंबर

महिपत प्लंबर आला. त्यानेच बसवलाय, त्यामुळे आधी जरा गुर्मीत. 'काकी, गरमाची न् गाराची लाईन बरोबर हाय. सैपाकघरातला नळ सोडलात काय? त्यानं गार पान्याचा जोर कमी व्हतो, मंग वरनं नुसतं कढत येतं.'

पटलं. ज्ञानूची अंघोळ होईपर्यंत नळाला कोणी हात लावायचा नाही. ह्यांनी नळाला फडकंच बांधलं.

१५ नोव्हेंबर

फडकं तसंच. मी नळापाशी उभी, राखणदारासारखी. तरी ज्ञानू ओरडली! 'आये, तू बगितलंस ना? मग असं कसं?'

बघितलं होतं गं. देवाशप्पथ बघितलं होतं.

मला त्या पाण्याची भीती वाटायला लागली आहे. मेलं लबाड आहे. माझ्या हाताखाली गरीब गाय, पोरीच्या अंगावर गेलं की आग! पुढच्या महिन्यात ह्याच न्हाणीत एवढंसं बाळ येणार. त्याची कातडी ती केवढी. विचार आला की भाताचा घास तोंडात फिरत राहतो.

१९ नोव्हेंबर

महिपतने शॉवरच्या मिक्सरचं आतलं सगळं बदललं, गिझरची चकरी चाळीसवर आणून ठेवली. 'आता भाजायचं नाव नको.'

तो गेल्यावर हात धरून बघितला. गार! असल्या पाण्याने बाळंतीण न्हाणार? वाताने अंग धरलं तर जन्माचं दुखणं. चकरी परत साठावर नेली. ज्ञानूला बोलले नाही, उगाच घोर लागेल जिवाला.

२० नोव्हेंबर

आज परत. दंडावर.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुकानात दीपाली भेटली, कडेवर तिचं बाळ. मला बघून पदर सारखा केला आणि मीठ न घेताच गेली.

वाडीत सव्वीस बाळांना मी न्हाऊ घातलंय! बाळ जन्मलं की आधी मला बोलावणं. श्रावणात दीपालीच्या बाळालाही मीच. चौथ्या दिवशी तिची सासू चिमावहिनी दारातच म्हणाली, 'उद्यापासनं येव नको, राजश्री. बाल लय रडताय. आमी बगू आमचं.' बाळाच्या अंगावर लाल उठलं होतं, पायाची सालं निघत होती. तान्ह्याच्या अंगावर काहीबाही उठतंच! त्यात माझा काय दोष? एवढी वर्षं गोड लागले, आता कडू झाले. राग जात नाही माझा.

रागारागात घरी आले. ज्ञानू म्हणते, 'आये, एका पायात चप्पल कुठाय?' वाटेत पडली होती. मला पत्ताच नाही! माझ्या शुगरच्या गोळ्याही दिवाळीपासून संपल्यात. देवरूखला गेलं की आणायला हव्यात.

२७ नोव्हेंबर

महिपतला परत बोलावलं.

महिपतने शॉवर सोडला, हात धरला आणि उडालाच मागे. 'आयो! काकी, हात शिजला माजा!' त्याच धारेत मी लगेच हात घातला. कोमट. डोळ्यांदेखत कोमट! म्हणजे एका पळात बदललं? त्याचा पंजा लालेलाल, माझ्या हाताला काही नाही.

महिपत एकदा शॉवरकडे बघे, एकदा माझ्याकडे. पाने-पकड पिशवीत भरली. 'माज्या हातचं नाय ह्ये काम.'

हे हसायला लागले. 'तव्यावरची भाकरी हातानं उलटनारी बाई ती. तिला काय व्हतंय?' मीही हसले.  पण मी आत गेल्यावर ह्यांनीच गुपचूप न्हाणीच्या दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. 'आमचं काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे, पन पोराबालांना सांबाल.' खिडकीतून ऐकलं सगळं. हसणारा माणूस गाऱ्हाणं घालतो होय?

१ डिसेंबर

बास झालं. गिझरचा खटका बंद. न्हाणीमागची चूल पेटवली, माळ्यावरचा तांब्याचा हंडा चिंचेने घासून काढला. पाणी तापवायचं, घंगाळात ओतायचं, वर गार पाण्याचं विसण घालायचं. माझ्या सासूने केलं, मी केलं. ज्ञानूला म्हटलं, तुझी तू विसण घालून घे, पण त्या भुताखाली उभी राहू नको.

आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

१० डिसेंबर

मुलगी! अडीच किलो. दोघी सुखरूप. देवरूखहून हे सगळ्यांना फोन करत सुटलेत, आवाज बसला तरी थांबत नाहीत. घाईत गोळ्या आणायच्या राहिल्याच.

१३ डिसेंबर

आल्या घरी. केवढे ते पाय! माझ्या अंगठ्याएवढे.

उद्या सकाळी घरातली पहिली अंघोळ, माझ्याच हातची. ज्ञानू घाबरली आहे. 'आये, पाणी नीट बघशील ना?' म्हटलं, वेडे, शॉवर नाही तो, आपली चूल आहे. सासूबाई पाण्यात कोपर घालून बघायच्या. मी मनात हसायची. एवढं कशाला, हाताला कळत नाही का? मी जन्मभर हातानेच बघितलं.

तरी सगळी तयारी दोनदा बघितली. शॉवरच्या तोंडाला फडकं गुंडाळलं. धीर येईना.

१४ डिसेंबर, शनिवार

विसण घातलं. हात घातला. कोमट. पाटावर पाय पसरून बसले, ज्ञानू बाळ घेऊन दारात. तांब्या घंगाळात पडला. काढायला वाकले आणि कोपर बुडालं.

आई गं!

परत हात घातला. कोमट. परत कोपर. कढत, नुसतं कढत. दुसरा हात. त्यालाही कोमटच.

'बाळ नको देऊ माझ्याकडे,' म्हटलं. 'तूच घाल.'

दीपालीचं बाळ चार दिवस माझ्या पायांवर तळमळत होतं. मी त्याला किरकिरं म्हणत होते.