भाकर चौथ्या नंबरावर

४ सप्टेंबर, सोमवार

आज ठरलं. आजपासून देव पहिला. बाकी सगळं नंतर.

काल पास्टर गाव्रिलनी प्रभूच्या प्रार्थनेवर सांगितलं. आधी देवाचं नाव, मग देवाचं राज्य, मग देवाची इच्छा. रोजची भाकर चौथ्या नंबरावर. सगळ्या मंडळीने माना डोलावल्या आणि घरी जाऊन सूप ओरपलं. काळजाला लागलं ते माझ्या एकट्याच्या.

मी तर एक पाऊल पुढे जाणार. चौथ्या नंबरापर्यंत पोचायचंच नाही. तिसऱ्यावर आमेन. ज्याला आपली गरज ठाऊक आहे त्याला तीच तीच आठवण करून देणं म्हणजे त्याचा अपमान. मागणं बंद. फक्त स्तुती. रोज पहाटे पाच ते सात, गुडघ्यांवर, मोठ्याने.

५ सप्टेंबर

पाचला उठलो. म्हणजे साडेसहाला. पण मनाने पाचलाच जागा होतो.

७ सप्टेंबर

अडचण. सॉ मिलची शिफ्ट सहाला सुरू होते. म्हणजे पहिला सैतान फोरमनच. त्याला स्पष्ट सांगितलं की सकाळी आठच्या आधी मी देवाचा. तो म्हणाला, मग आठच्या नंतरही त्याचाच राहा.

इशारा वरून आला असं समजून मी एप्रन खुंटीला लावला आणि निघालो. सॉ मिलमधून हिवाळ्याला लाकडं फुकट मिळायची, तेवढं एक होतं. मिळतील कुठूनतरी.

७ सप्टेंबर, संध्याकाळ

फ्लोआरेला सांगितलं. नवऱ्याने एवढं मोठं पाऊल उचललं तर बायकोने निदान डोळ्यांत पाणी आणावं. होतं पाणी, पण ती कांदा चिरत होती.

म्हणाली, देव पहिला, मान्य. माझाही पहिलाच आहे. दुसरा नंबर कुणाचा तेवढं सांग. म्हटलं, मंडळीचा. तिसरा? म्हटलं, बँडचा. (मी चर्चच्या बँडमध्ये मोठा बाजा वाजवतो. माझ्यावाचून चाल बसत नाही.) त्यावर म्हणाली, मग पिशवी घेऊन मी रांगेत कुठे उभी राहू?

बायकांचं डोकं रांगेच्या पुढे जातच नाही.

१० सप्टेंबर, रविवार

घरात अबोला. फ्लोआरेची चुलतबहीण इटलीत एका म्हातारीला सांभाळते. तिथे आणखी एका घरात बाई हवी आहे म्हणे. फ्लोआरेने सासूबाईंच्या (तिची आई आमच्याकडेच राहते) देखत सांगून टाकलं, नाताळपर्यंत तू कामाला लागला नाहीस तर मी जाते.

पोकळ धमकी. माझ्याशिवाय ती जवळच्या ओरादिया शहरापर्यंत एकटी गेलेली नाही. (एकदा गेली होती. दात काढायला. मला बँडची प्रॅक्टिस होती.)

२० सप्टेंबर, बुधवार

बुधवारची प्रार्थना. खरं सांगायचं तर आमच्या मंडळीची बुधवारची प्रार्थना ऐकवत नाही. एकेक जण गुडघे टेकतो आणि मोठ्याने सुरू करतो: प्रभू, गाय आटली, प्रभू, छप्पर गळतंय, प्रभू, जावई बसून खातोय. देव ऐकतो आणि मागच्या बाकांवरचेही ऐकतात. मग दुसऱ्या दिवशी कुणी कौलं आणून टाकतो, कुणी दुधाची बरणी. विधवा रोझालिया तर दर बुधवारी रडते आणि दर गुरुवारी तिच्या दारात बटाटे. याला मी विश्वास म्हणत नाही. भीक म्हणतो.

माझी पाळी आल्यावर मी जे केलं ते या चर्चच्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल. एक मागणं नाही. नुसती स्तुती. शेवटी म्हटलं, प्रभू, आमच्या घरात काही कमी नाही, तुझ्या हाताने सगळं काठोकाठ भरलंय.

बायकांच्या बाकांवरून फ्लोआरे जोरात खोकली. सर्दी झाली असावी.

१ ऑक्टोबर, रविवार

विजय! पास्टर गाव्रिल स्वतः माझ्याजवळ आले. पंधरा तारखेला सुगीचं आभारप्रदर्शन. भोपळे, द्राक्षं, कणसं वेदीपुढे मांडायची, आणि यंदा अराद शहराकडचा चाळीस माणसांचा बँड पाहुणा येतोय. त्यांच्या जेवणाचं कोण बघणार? पास्टर म्हणाले, लाझरभाऊ, तुमची बुधवारची प्रार्थना सगळ्यांनी ऐकली. देवाने तुम्हाला भरभरून दिलंय, तर हा मानही तुमचाच.

मी हो म्हणालो. ते वाक्य पुरं होण्याआधीच म्हणालो.

१ ऑक्टोबर, रात्री

घरात आग. फ्लोआरे म्हणते, घरात आहे काय? एक डुक्कर. आणि ते नाताळचं आहे. नाताळचंही नाही, अख्ख्या हिवाळ्याचं आहे. मार्चपासून मी आणि आईने वाढवलंय.

मी शांतपणे विचारलं, स्वर्गातल्या पित्याकडे डुकरांना तोटा आहे का?

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, छे हो जावईबापू, त्याच्याकडे खंडीभर आहेत. त्यातलंच एक आमच्याकडे पाठवलंय.

देवाच्या कामात विरोध नेहमी घरातूनच होतो.

१५ ऑक्टोबर, रविवार

काय दिवस होता! चाळीस जण आडवे होईस्तोवर जेवले. सॉसेज, कोबीच्या पानांत गुंडाळलेला डुकराचा खिमा, तळलेले तुकडे. काही जणांनी बायकांसाठी बांधूनही नेलं. मी त्यांच्या बँडमध्ये बसून तीन गाणी वाजवली. त्यांच्या मुख्य वादकाने माझी पाठ थोपटली. म्हणाला, अशी घरं आता राहिली नाहीत.

कढई उतरवताना फ्लोआरेच्या हातावर उकळती चरबी सांडली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. डावा हात आहे. देवाची केवढी कृपा की उजवा नाही! मी सगळ्यांसमोर त्याबद्दल आभार मानले. लोक आमेन म्हणाले. ती म्हणाली नाही.

२७ ऑक्टोबर

हात अजून बांधलेला आहे. भांडी सासूबाई घासतात. घरातलं वातावरण स्तुतीला पोषक नाही.

मी हल्ली पहाटेची स्तुती अंथरुणातच करतो. गुडघ्यांत गारवा शिरतो. दावीद राजानेही अंथरुणात देवाचं स्मरण केलं होतं. त्याचा डोळा लागायचा की नाही, हे शास्त्रात दिलेलं नाही.

६ नोव्हेंबर

थंडी. आणि चमत्कार! सकाळी उठतो तर चुलीपाशी काटक्या. सुक्या, नीट मोडलेल्या. कुणी आणल्या? मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास.

फ्लोआरेच्या बुटांना नदीकाठचा चिखल लागलेला दिसला. फिरायला जात असेल. बरं झालं, हाताला मोकळी हवा मिळेल.

९ नोव्हेंबर

सॉ मिलचा फोरमन रस्त्यात भेटला. म्हणाला, एक माणूस कमी आहे, वाटलं तर सोमवारपासून ये, पण सहाला. फ्लोआरे शेजारी उभी होती. तिने माझी बाही धरली. लहान पोर धरतं तशी.

मोठा मोह होता. मी म्हटलं, प्रार्थना करून सांगतो. फोरमन म्हणाला, कर, तोवर मी दुसरा बघतो.

तिने बाही सोडली आणि झपाझप पुढे निघून गेली. माझी खंबीरता बघून भारावली असेल.

१५ नोव्हेंबर, बुधवार

आज देवाची लाज राखली. माझी म्हणा, दोन्ही एकच.

बुधवारच्या प्रार्थनेत फ्लोआरे एकाएकी गुडघ्यांवर बसली. ती मोठ्याने कधी प्रार्थना करत नाही. आज आवाज लावला. म्हणाली, प्रभू, आमच्या घरात लाकूड...

संपलं म्हटलं! दोन महिने मी भांडार भरलंय सांगतोय आणि ही बया चारचौघांत रिकामी चूल दाखवणार. चाळीस माणसं जेवून गेलेलं घर! मला काय सुचलं देव जाणे. ताडकन उभा राहिलो आणि छातीफोड आवाजात गाणं धरलं. मंडळीला वाटलं, आत्मा उतरला. सगळे उभे राहिले. बँडवाल्यांनी बाजे उचलले. चारही कडवी झाली. मग शेवटचं पुन्हा.

त्यात ती पुढे काय म्हणाली, कुणाला कळलं नाही. तिचे ओठ हलत होते एवढं दिसलं. मग तेही थांबले.

१५ नोव्हेंबर, रात्री

स्वयंपाकघरात ती इटलीला फोन करतेय. बहिणीची आठवण येत असेल.

२६ नोव्हेंबर, रविवार

गेली.

मिनीबस चर्चसमोरून सुटते. तिच्याजवळ एकच बॅग होती. म्हणे नाताळची वाट बघण्यात अर्थ नाही, डुक्कर काही परत येणार नाही. मी म्हटलं, थांब, प्रवासासाठी प्रार्थना करू. सुरुवात अर्थात देवाच्या नावाने केली. ते पवित्र नाव, ते नाव सगळ्या नावांहून थोर... मी डोळे मिटलेले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी राज्यापर्यंत पोचलो तेव्हा दार आपटल्याचा आवाज आला. इच्छेपर्यंत पोचलो तेव्हा रस्त्यावर मी आणि सासूबाई.

सासूबाई म्हणाल्या, करा, पुरी करा, आता कुणाला घाई नाही.

१ डिसेंबर

शांत मनाने विचार केला. यात देवाचा हात आहे. इटलीत पगार चांगला. म्हणजे पित्याने पुरवठ्याचा मार्ग उघडला, आणि तोही मी न मागता! माझी पद्धत खरी ठरली. महिनाभरात कंटाळून येईलच. माझ्याशिवाय तिला करमायचं नाही.

१२ डिसेंबर

पार्सल आलं. सासूबाईंना लोकरीचे मोजे, कॉफी, गुडघ्याला चोळायचं मलम. मी कागद झटकून पाहिला. खोकं उलटं केलं. पोस्टात गहाळ झालं असणार. हल्ली पोस्टाचा काही भरवसा नाही.

१९ डिसेंबर

गावभर डुकरं कापताहेत. वास येतो.

सासूबाईंनी एक अंडं उकडलं. एकच. मी बघत होतो. त्या मीठ लावून सावकाश खात म्हणाल्या, जावईबापू, मागाल तर देईन. मी तोंड फिरवलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२० डिसेंबर

मागितलं. सासूबाईंकडे. देवाकडे नाही. त्यामुळे तत्त्व शाबूत आहे.

दोन खाल्ली.

२५ डिसेंबर

नाताळ. मक्याची उकड आणि लोणच्यातला कोबी. चुलीत कुंपणाच्या दोन फळ्या घातल्या. फ्लोआरेने फोन केला. सासूबाईंना. मी जवळ जाऊन उभा राहिलो, मोठ्याने खाकरलो. सासूबाई तिला म्हणाल्या, हो, इथेच आहे, अजून स्वर्गात घेतला नाही.

संध्याकाळी तिची उशी उचलून बघितली. तिच्या केसांचा वास होता. मी ती माझ्या बाजूला घेतली. थंडीसाठी.

१० जानेवारी, बुधवार

लिहायला लाज वाटते. मोडलो.

बुधवारच्या प्रार्थनेत माझी पाळी आली. नावापासून सुरुवात केली, राज्य, इच्छा, आणि तिथे थांबलोच नाही. सगळं बाहेर पडलं. प्रभू, लाकडं दे. काम दे. बटाटे दे. फ्लोआरेला परत आण, मला घर खायला उठतं. रोझालियासारखा रडलो मी, शेंबूड येईस्तोवर.

नंतर पास्टर गाव्रिलनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अहो लाझरभाऊ, हे सप्टेंबरात का नाही म्हणालात? आम्हाला वाटलं तुमच्याकडे सगळं आहे. देव पहिला हे मीच सांगितलं, खरं आहे, पण चौथा नंबर खोडून टाका असं कुठे म्हणालो? तोही त्याच प्रभूने शिकवलाय. आम्ही दर बुधवारी एकमेकांचं ऐकतो ते कशासाठी?

मग म्हणाले, फ्लोआरेबहीण त्या दिवशी काहीतरी मागत होती. तुमच्या गाण्यात आम्हाला ऐकू आलं नाही. काय मागत होती ती?

मी म्हणालो, मलाही ऐकू आलं नाही.

११ जानेवारी, गुरुवार

दारात ट्रॅक्टरभर लाकडं! चिरलेली! बटाट्याची दोन पोती, त्यातलं एक रोझालियाकडून. अर्धं डुक्कर, खारवलेलं. फोरमनचा निरोप, सोमवारी सहाला ये. मागितलं बुधवारी, मिळालं गुरुवारी. हे इतकं सोपं होतं?

म्हणजे यादीतलं आता एकच उरलं. बाकीचं एका रात्रीत आलं, तर इटलीहून यायला दोन दिवस धरू. सासूबाईंना चादरी बदलायला सांगितल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकच बदलली.

१४ जानेवारी, रविवार

फोन वाजला. सासूबाईंच्या हातातून मी तो ओढूनच घेतला.

फ्लोआरेला सगळं सांगितलं. लाकडं आली, काम मिळालं, उद्यापासून सहाची शिफ्ट, घर गरम आहे, तू ये. त्या बुधवारी मी गायलो ते चुकलं, हेही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

ती शांतपणे ऐकत होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, छान झालं लाझर, खरंच छान झालं. हात बरा झालाय. म्हातारी चांगली आहे, मला मुलीसारखं वागवते. आणि म्हणाली, मीही आता तुझ्यासारखीच प्रार्थना करते. पहाटे उठते, गुडघ्यांवर बसते. काही म्हणजे काही मागत नाही. फक्त देवाचे आभार मानते.

मला भरून आलं. म्हटलं बघ, शेवटी माझंच वळण लागलं ना! कशाबद्दल आभार मानतेस?

म्हणाली, की तू इथे नाहीस.

सवयीने माझ्या तोंडून आमेन निघून गेलं. तिने फोन ठेवला.