चॉकलेटचा कंटेनर आणि माझं परराष्ट्र धोरण

७ मे १९९९, शुक्रवार
लेकीचा, मुग्धाचा हिस्टरी प्रोजेक्ट: अमेरिकेची सुरुवातीची फॉरेन पॉलिसी. दुपारची झोप सोडून मीच पुस्तक वाचलं. १७९३. फ्रान्स आणि ब्रिटनची जुंपलेली. वॉशिंग्टननं जाहीर करून टाकलं, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. देश नवा, खिशात दमडी नाही, दुसऱ्याच्या भांडणात पडायचं कशाला? वा! काय माणूस! आजपासून आपलीही हीच पॉलिसी. ऑफिस, घर, मंडळ, सगळीकडे लागू.

८ मे, शनिवार
लगेच परीक्षा. कंपनीत आलेला चॉकलेटचा अख्खा कंटेनर उन्हात वितळला. नवा मॅनेजर परेश म्हणतो, स्टोअर्सच्या दत्तप्रसादची चूक. दत्ता म्हणतो, परेशनंच फोनवर सांगितलं, यल्ला, लवकर माल बाहेर उतरव, कोल्डरूम रिकामी ठेव. फोन स्पीकरवर होता. शेजारी मी. नेमका मीच का? बाकीचे कुठे मेले होते?

१० मे, सोमवार
संध्याकाळी दत्ता घरी आला. मला इथे आखातात आणलं ते त्यानंच. व्हिजिट व्हिसावर आलो तेव्हा नोकरी लागेपर्यंत त्याच्या हॉलमध्ये झोपलो, नर्मदावहिनींच्या हातचं जेवलो. विसरलेलो नाही. म्हणाला, सुजीत, माझी बाजू घेऊ नकोस, ऐकलंस तेवढंच सांग. मी त्याला वॉशिंग्टन समजावून सांगितला. सविस्तर. त्यानं चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. पटलं असावं.
शोभना म्हणाली, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? बायकांना डिप्लोमसी कळत नाही.

११ मे, मंगळवार
मुग्धा म्हणाली, बट बाबा, फ्रान्स हॅड हेल्प्ड देम गेट फ्रीडम! आणि म्हणे न्यूट्रल राहूनही अमेरिकेची जहाजं दोघांनी पकडलीच. म्हटलं, एवढं डीप जायचं नाही, मार्क कापतात.
 

१३ मे, गुरुवार
चौकशी. अरबाबनं, म्हणजे मालकानं, सरळ विचारलं, तू तिथे होतास? होतो. काय ऐकलंस? म्हटलं, सर, मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे. मालकानं फाइल मिटली. दत्ता खाली बघत होता. मग खलास, मीटिंग संपली. बाहेर परेशनं खांद्यावर हात ठेवला, मुग्धाच्या फीच्या अप्रूव्हलवर आजच सही करतो म्हणाला. फी कंपनीच भरते, सही रुटीन आहे. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.
एकंदर मीटिंग चांगली झाली.

१६ मे, रविवार
दत्ताला काढलं. व्हिसा कॅन्सल, म्हणजे देश सोडायचा. त्याचा मुलगा संजय आत्ताच दहावीत गेलाय. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.
निश्चय: दत्तासाठी दुबईत चार ठिकाणी शब्द टाकायचा. उद्यापासून, इन्शाल्ला. परेशच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं.

२१ मे, शुक्रवार
शब्द टाकायचं राहिलं. आठवडा फार बिझी गेला.
कायमचे परत निघालेले लोक सामान वाटून जातात, तसं दत्ताच्या घरी चाललंय. वॉशिंग मशीन शेजारच्या रफिकला, कुंड्या खालच्या बानूला. आमच्यासाठी वहिनींनी फ्रिज ठेवला होता. शोभना आणायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. म्हणे जागा नाही. किचनचा अख्खा कोपरा मोकळा पडलाय!

२८ मे, शुक्रवार
दत्ताला सोडायला एअरपोर्टवर जाणार होतो. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. पण पुढच्या टायरमध्ये हवा कमी वाटली, रिस्क नको म्हटलं. शोभना टॅक्सीनं गेली.
आत्ता आली. चप्पल न काढताच दारात उभी राहून म्हणाली, दत्ताभावजींनी निरोप दिलाय. सुजीतवर रागावू नका म्हणाले. नोकरी गेली तर पोरीची शाळा सुटेल, या भीतीनं त्याची वाचा बसली. त्याच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो.
ही भीती मी दत्ताला कधी बोलून दाखवली नव्हती. शोभनालाही नाही. डायरीची मागची पानं उलटून बघितली. इथेसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.