पहिल्या हाकेला ओ नाही

प्रिय अरिनोलाताई,

कानो शहरातला एक ट्रकवाला वाळवंटाच्या तोंडापर्यंत, अगाडेझला जातो. तुझा शेवटचा निरोप ज्या घरातून आला होता, त्या घराच्या मालकिणीकडे हे पत्र देईन असं त्यानं कबूल केलंय. म्हणून आधी घरची बातमी सांगते. आत्याला क्षय झालाय, साध्या गोळ्यांना न जुमानणारा. चार महिने ती रोज सुई टोचून घेते आहे. खोकला उतरलाय, अंगावर मांस चढलंय आणि जीभ तू सोडून गेलीस तशीच तिखट आहे. वॉर्डात तिला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांसाठी ती अजूनही 'इया अरिनोला', अरिनोलाची आई. परवा एका नर्सनं चुकून तिचं पाळण्यातलं नाव घेतलं, तर म्हणाली, "ती पोर केव्हाच मोठी झाली, आता इथं अरिनोलाची आई तेवढी सापडेल."

मी त्याच दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात लागले आहे. ही सुई क्षयाला मारते, पण कित्येकांचे कानही घेऊन जाते. सुईबरोबर एक नवं औषध दिलं तर कान वाचतात का, याचं संशोधन आमच्याकडे चाललंय. दर महिन्याला कान तपासायचं काम माझं. पेशंट जाड भिंतींच्या बंद खोलीत माझ्याकडे पाठ करून बसतो, कानांवर हेडफोन लावतो. मी काचेपलीकडून सूर सोडते, प्रत्येक सूर आधीच्याहून बारीक. ऐकू आला की हात वर करायचा. ऐकणं ठरलेल्या रेघेखाली गेलं तर सुई बंद, असा नियम आहे. आणि आत्याची सुई अर्ध्यावर बंद झाली, तर क्षय पुन्हा उठेल आणि मग आवरणार नाही, हे डॉक्टर ओगुनसान्यांनी मला स्पष्ट सांगितलंय.

पहिल्या महिन्यात आत्याचा हात झटपट वर जात होता. दुसऱ्या महिन्यापासून मोठ्या सुरांना जायचा, बारीक झाले की मांडीवरच राहायचा. चौथ्या महिन्यात ती रेघेच्या अगदी काठावर आली. मी वायरी तीनदा तपासल्या, हेडफोन बदलले, माझंच काही चुकलं असेल म्हणून वही पहिल्या पानापासून पडताळली. मग दुसरी तपासणी केली. तिच्यात पेशंटला हात वर करावा लागत नाही. कानात बारीक बूच बसवायचं, यंत्रानं टिचकीएवढा आवाज आत सोडायचा. आतला कान धड असेल तर तो अगदी क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतो. आत्याच्या दोन्ही कानांनी तो चोख पाठवला. मी यंत्राचा आवाज बंद केला, तरी डाव्या कानातून एक बारीक, सलग सूर येतच राहिला. आत काहीच सोडलेलं नव्हतं. डॉक्टर हसले. "घाबरू नकोस, काही निरोगी कान आपसूक गुणगुणतात. तुझी आत्या गप्प बसेल, तिचा कान नाही बसायचा." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण कान शाबूत म्हणजे बाईला ऐकू येतं, असं नाही. नियम हाताचा आहे. तीस तारखेला शेवटचं बघू."

हात का वर करत नाहीस, असं मी आत्यालाच विचारलं. तिनं मास्क खाली ओढला. "शिवणयंत्राशेजारी बसवून तुम्हा दोघींना अक्षरं शिकवली, तेव्हा आणखी काय शिकवलं होतं? माणूस दिसत नसताना पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरी येईपर्यंत थांबायचं. शिकलेली बाई झालीस आणि विसरलीस!" मी म्हटलं, "आत्या, ती हाक नाही, सूर आहे." ती म्हणाली, "तुझ्यासाठी सूर. मोठा असतो तोवर माझ्यासाठीही सूरच. बारीक झाला की त्याच्या मागून ती बोलते. 'आई, मी बाहेर उभी आहे.' जिवंत माणूस काय बंद खोलीत, कानाच्या आत येऊन बोलतं? आणि मेलेल्याला ओ दिली की ओ देणारा त्याच्यामागं जातो. त्याचं मला काही नाही ग. पण मी हात वर केला, म्हणजे ती गेली हे मी कबूल केलं."

ताई, आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू इटलीला जायला घर सोडलंस त्या पहाटे मी जागी होते. तू दाराबाहेरून मला 'मोरे, मोरे' अशी दोनदा हाक मारलीस. आवाज तुझाच होता, पण तू दिसत नव्हतीस, म्हणून मी तिसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहिले. ती आली नाही. दार उघडलं तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. गेल्या गुरुवारी सकाळी, रोजच्यासारखे हेडफोन आधी स्वतःच्या कानांना लावून तपासत होते. सर्वांत बारीक सुराला मला 'मोरे' असं ऐकू आलं. एकदाच. मी हेडफोन काढून ठेवले आणि वहीत 'यंत्र ठीक' असं लिहिलं. माझ्या अक्षरातलं ते पहिलं खोटं.

तीन वर्षं झाली, तुझा निरोप नाही. म्हणून हे पत्र लिहिलं, एवढंच विचारायला की तू आहेस का. असशील तर तुझ्या हातानं एक ओळ लिही. आणि घरमालकीणबाई, हे तुम्ही कुणाकडून वाचून घेत असाल, तर तिचं काय झालं ते कळवा, वाईट असेल तरी कळवा. तीस तारखेच्या आत. काहीच आलं नाही, तर मी आत्याला सांगणार आहे की तुझं पत्र आलं, तू इटलीत सुखात आहेस, आता खुशाल ओ दे. तिचा माझ्या शब्दावर विश्वास आहे. तिचा हात वर जाईल, सुई चालू राहील. पण ताई, काचेमागून मी तो हात बघत असेन, तेव्हा तिनं ओ कुणाला दिली ते मला माहीत नसेल.

तुझीच,
मोरेनिके