शून्याच्या जागी एक

केसोन सिटी
१४ ऑगस्ट

प्रिय मानाय पुरिंग,

तुझा मेसेज मिळाला. वीराकला घरचे सगळे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. भावाच्या बेकरीत पाव भाजतेस म्हणे. तिथेही गिऱ्हाइकं तुझीच वाहवा करत असतील, तुझं नशीबच तसलं. थोरली म्हणून मानाय म्हणते, नाहीतर तुला मान द्यायला माझा जीव कधी तयार नसायचा.

परवा आपल्या हवामान विभागाच्या लाकाम्ब्रा सरांनी बोलावलं. तू इथे परत यायला अर्ज केलायस, हे त्यांच्याकडून कळलं. मला बोलली नाहीस. "तीन वर्षं एका टेबलावर होतात, शुक्रवारपर्यंत तुझं मत सांग," म्हणाले. माझ्या पोटात दुखायलाच लागलं. वाटलं, तू आलीस की पुन्हा सगळा विभाग तुझ्याभोवती, पुरिंग हे बघ, पुरिंग ते बघ, आणि मी कोपऱ्यात.

त्या जुन्या वादळाची तुझी संगणकावरची चाचणी आठवते? नकाशाचे चौकोन तू तीन किलोमीटरचे केलेस. इतक्या बारीक चौकोनांत मॉडेलला ढग स्वतःच उभे करता येतात, म्हणून अंदाजाने पाऊस पाडणारी सेटिंग तू बंद केलीस, तिथे शून्य लिहिलंस. वर मला म्हणालीस, "दितास, एवढं विसरलीस ना, तर वादळाचा फुसका बार होईल." सगळ्यांसमोर. लोक हसले.

तू जेवायला गेलीस आणि मी त्या शून्याचा एक केला.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर तुझं वादळ डोळा न बनताच विरलं. ज्यानं तुमच्या घराचं छप्पर नेलं, ते पडद्यावर साधा पाऊस वाटत होतं. तू फाइल उघडलीस, तो एक पाहिलास आणि म्हणालीस, "माझ्याच हातून राहिलं वाटतं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. संशय घेण्याएवढीही मी तुला मोठी वाटले नाही, याचाच मला जास्त राग आला. मग जपानच्या प्रशिक्षणाला तुझ्याऐवजी मी गेले. तू नोकरी सोडून गावी गेलीस.

हे मेसेजमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र.

आज सरांकडे गेले. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण तशी चूक पुन्हा झाली तर?"

"ती चूक तिची नव्हतीच, सर. मी केली होती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझं काय होणार ते सोमवारी कळेल. तुझी जागा पक्की झाली.

ऐकून मला आनंद झाला असं लिहिणार होते. झाला नाही.

तुझ्यावर अजून जळणारी,
दितास